डोकं दाखवायला गेले आणि आधी पाळीची तारीख विचारली: एरंडवण्यातल्या एका दवाखान्याला पाचपैकी पावणेचार

दवाखान्याचं नाव देत नाही. एक तर पुढे तक्रारी आहेत. शिवाय नाव दिलं की गर्दी वाढणार आणि माझी पुढची तारीख आणखी महिनाभर लांबणार, ते मला परवडायचं नाही. नळ स्टॉपच्या मेट्रो स्टेशनवरून चालत सात-आठ मिनिटं, एवढं सांगते.

मी नारायण पेठेत ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. दहा बाय बाराचं दुकान, शिलाईची दोन मशिनं, पिकोचं एक, हाताखाली एक मुलगी. तेवीस वर्षं झाली. वय ४७. डोकेदुखी दुकानापेक्षा जुनी, आठवीत असताना लागली. डाव्या भुवईच्या वर ठोके पडायला लागतात, मग डोळा, मग मान, मग उलटी, आणि मग अंधार करून पडून राहायचं. आमच्याकडे याला अर्धशिशी म्हणतात आणि ती माझ्या आईलाही होती. आई सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप लावायची आणि वरून पंचा आवळून बांधायची. लेप वाळला की कातडी ओढली जायची, त्या ओढीकडे लक्ष गेलं की डोकं जरा विसरायला व्हायचं. आजी पहाटे सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खायला लावायची. त्याचा उपयोग काही झाला नाही, पण तक्रार नाही, जिलबी होती.

आता आधी दवाखान्याच्या तक्रारी, म्हणजे नंतर मोकळ्या मनाने कौतुक करता येईल.

वेळ सव्वापाचची दिली होती, आत गेले सात वाजता. डॉक्टर प्रत्येकाला अर्धा-पाऊण तास देतात हे आत गेल्यावर कळतं, बाहेर बसलेल्याला फक्त घड्याळ दिसतं. आणि डोकेदुखीच्या पेशंटसाठी बसायच्या खोलीत फडफडणारी ट्यूबलाइट, पश्चिमेची बिनपडद्याची खिडकी आणि मोठ्या आवाजात मालिका, ही योजना ज्यांच्या डोक्यातून निघाली त्यांचं डोकं कधी दुखलेलं नसावं. माझ्या समोर एक बाई ओढणी डोळ्यांवर घेऊन भिंतीला टेकल्या होत्या, आणि टीव्हीवर कुणीतरी कुणाच्या तरी कानाखाली वाजवत होतं, तीनदा, तीन बाजूंनी, ढॅण ढॅण ढॅण. त्यात साडेसहाला फिनेल टाकून फरशी पुसतात. भिंतीवर पाटी: ‘माझा नंबर कधी येणार असे विचारू नये. आल्यावर सांगण्यात येईल.’ पुण्यात आहोत हे विसरायला होऊ नये म्हणून लावली असेल. काउंटरवरची मुलगी मात्र गुणाची आहे, उलटी येतेय म्हटल्यावर न विचारता आतली बाथरूम दाखवते.

पहिली भेट १,२०० रुपये, नंतरची ६००. यूपीआय चालतं.

डॉक्टर बाई आहेत, पन्नाशीच्या पुढच्या. मी माझी फाइल पुढे केली. तिच्यात दोन वर्षांपूर्वीचा एमआरआय, सायनसचा एक्स-रे, डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी, आणि ३,४०० रुपये मोजून मुद्दाम केलेलं ‘हार्मोन प्रोफाइल’. मला वाटलं, आता इतकं सगळं बघून त्या खूश होतील. त्यांनी एमआरआय पाहिला, मान हलवली, फाइल मिटली आणि म्हणाल्या, “ताई, गेल्या सहा महिन्यांत पाळी कुठल्या कुठल्या तारखांना आली?”

मी म्हटलं, “मॅडम, माझं डोकं दुखतं.”

“तेच विचारतेय.”

तारखा कुणाला पाठ असतात? आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यावर मी पेनाने बारीक टिंब देते. घरी फोन केला, लेकीला पानांचे फोटो काढून पाठवायला सांगितलं. तिने दुधाचा हिशोब आणि गॅसच्या तारखांसकट सगळी पानं पाठवली. मग डॉक्टर म्हणाल्या, आता डोकं कधी दुखलं ते सांगा. ते तर त्याहून कठीण. मी म्हटलं, “आठवणार नाही, पण दुकानाची वही बघू का?”

आमची ऑर्डरची वही म्हणजे लांबोडकी चोपडी. नाव, माप, अस्तराचं की बिनअस्तराचं, गळा, बाह्या, द्यायची तारीख. ज्या दिवशी काम पुढे ढकलावं लागतं तिथे मी कोपऱ्यात ‘डो.’ लिहिते, म्हणजे हाताखालच्या मुलीला गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते कळतं. ती वही पिशवीत होती कारण जाताना एकीचं माप घ्यायचं होतं. डॉक्टरांनी लाल पेन घेतलं आणि एका कोऱ्या कागदावर दोन रकाने पाडले.

डावीकडे टिंबं: २४ एप्रिल, २१ मे, १८ जून, १७ जुलै, १३ ऑगस्ट. उजवीकडे त्या तारखांजवळचे माझे ‘डो.’: २३ आणि २४ एप्रिल. २० ते २२ मे. १७, १८ जून. जुलैत त्या तारखांना काहीच नाही. मी म्हटलं, बघा, दर महिन्याला नसतं. त्या म्हणाल्या, “१७ जुलैला काय होतं?” कालनिर्णयच्या फोटोत दिसत होतं, आषाढी एकादशी. दुकान बंद होतं म्हणून वहीत ‘डो.’ नव्हता. डोकं काही बंद नव्हतं, उपास धरून दिवसभर पडून होते ते मला तिथे बसल्या बसल्या आठवलं. ऑगस्टात १२ ते १४.

तेहतीस वर्षं हे दुखणं वागवलं. दोन्ही तारखा मीच लिहीत होते, माझ्याच हाताने, एक स्वयंपाकघरात आणि एक दुकानात. कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलेला नियम असा: पाळी सुरू व्हायच्या आधीचे दोन दिवस ते पाळीचा तिसरा दिवस, एवढ्या खिडकीत तीन पाळ्यांपैकी निदान दोन वेळा मायग्रेनचा, म्हणजे आपल्या अर्धशिशीचा, झटका आला की त्याला पाळीशी जोडलेला म्हणायचं. त्याला रक्ताची तपासणी लागत नाही, तारखा लागतात. हे झटके इतर वेळच्यापेक्षा लांबतात, गोळीला दाद देत नाहीत आणि दबले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा डोकं वर काढतात. माझं अगदी तेच. अर्थात हे सांगायच्या आधी त्यांनी बाकीचं विचारून घेतलं होतं: वीज पडल्यासारखं एकदम कधी दुखलं का, हाताला मुंग्या, जीभ जड, बोलताना शब्द अडकणं, ताप, मान ताठ होणं. “यातलं काही असतं तर वहीत वेळ घालवला नसता, लगेच पुढे पाठवलं असतं,” म्हणाल्या.

मग मी माझ्या ३,४०० रुपयांच्या रिपोर्टचा विषय काढला. सगळं नॉर्मल होतं त्यात. त्यांचं म्हणणं, ते नॉर्मलच येणार. माझं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या अंगातलं मुख्य हार्मोन, कमी नाही आणि जास्तही नाही. पाळीच्या आधी ते प्रत्येक बाईचं उतरतं, माझ्या मेंदूला ते उतरणं सोसत नाही एवढंच. एका दिवशी सुई टोचून किती आहे ते कळतं, किती भराभर उतरलं ते कळत नाही. हे मला लगेच पटलं. मशीनवर धागा सैल असला तरी शिवण होते, घट्ट असला तरी होते, पण चालू मशीनमध्ये ताण अचानक बदलला की धागा तुटतो. मी हे बोलूनही दाखवलं. डॉक्टर हसल्या आणि ‘हे मी वापरणार’ म्हणाल्या. त्या रिपोर्टमधला थायरॉइडचा आकडा मात्र त्यांनी नीट पाहिला, कारण थायरॉइड मंदावलं तरी डोकं दुखू शकतं.

आता गौरींचं सांगते, कारण माझ्या मते १,२०० रुपये तिथेच वसूल झाले.

२०२४ च्या गौरी आठवा. १० सप्टेंबरला आवाहन, ११ ला पूजन. माझी पाळीची तारीख बरोबर १०. आमच्याकडे उभ्याच्या गौरी असतात, सोळा भाज्या, पुरणपोळी, आणि पाळीत यातल्या कशालाही हात लावलेला सासूबाईंना चालत नाही. तुम्हाला माहीतच आहे अशा वेळी काय करतात. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जायचं, आवाज खाली आणून ‘पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या’ म्हणायचं, आणि तो कागदात गुंडाळून देतो. चिठ्ठी वगैरे कुणी मागत नाही. सणाच्या आधी त्या दुकानात रांगेत माझीच गिऱ्हाइकं भेटतात, एकमेकींकडे बघायचं नाही असा अलिखित नियम आहे. मी चतुर्थीपासून दिवसाला तीन गोळ्या सुरू केल्या. पाळी आली नाही. पण दहाच्या संध्याकाळी, गौरी आणताना उंबरठ्यावर कुंकवाची पावलं उमटवत होते तेव्हा डाव्या भुवईवर पहिला ठोका पडला. अकराला पुरण वाटताना मी दोनदा उलटी करून आले. बाहेर मंडळाचं ढोलपथक. सगळ्या म्हणाल्या, दगदग झाली, जागरण झालं, नजर लागली. पाळीचा विचार करायचं कारणच नव्हतं, ती आलीच नव्हती.

हे ऐकून डॉक्टर खुर्चीत पुढे सरकल्या. म्हणाल्या, “तुम्ही स्वतःवर सॉमरव्हिलचा प्रयोग केलात.” ऑस्ट्रेलियातले डॉक्टर सॉमरव्हिल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोजक्या बायकांवर दोन गोष्टी करून पाहिल्या. काहींना पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन, म्हणजे बायकांचं दुसरं हार्मोन, दिलं, तर पाळी पुढे गेली पण बहुतेकींचं डोकं ठरलेल्या तारखेलाच दुखलं. आणि इस्ट्रोजेनचं इंजेक्शन दिलं तेव्हा उलटं झालं, पाळी वेळेवर आली आणि डोकेदुखी काही दिवस मागे सरकली. म्हणजे डोकं रक्तस्रावाने दुखत नाही, इस्ट्रोजेन उतरल्याने दुखतं. पाळी आणि डोकेदुखी या दोघी एकाच गाडीने येतात एवढंच. पाळी पुढे ढकलायच्या त्या गोळ्या प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या. मी एकीला स्टेशनवर अडवून धरलं आणि दुसरी ठरल्या वेळी घरी पोचली.

त्या गोळ्या औषधवाल्याला विचारून घेण्याबद्दल मॅडमनी जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. पायात रक्ताची गाठ होण्याचा इतिहास असलेल्या बाईने तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातातही घेऊ नयेत, असं त्यांचं म्हणणं.

मग एकेक जुनी गोष्ट आपोआप उलगडायला लागली. लेकीच्या वेळी गरोदर असताना पाचव्या महिन्यापासून शेवटपर्यंत मला अर्धशिशी म्हणजे काय ते आठवतसुद्धा नव्हतं. माहेरी आराम मिळाला म्हणून, असं सगळे म्हणायचे. खरं म्हणजे त्या काळात इस्ट्रोजेन चढतं आणि वरच राहतं. बाळंत झाल्यावर ते कड्यावरून पडल्यासारखं खाली येतं. बरोबर पाचवीच्या दिवशी, पाट्यावरवंट्याची पूजा मांडली होती आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. “बाळंतिणीला वारं लागलं, कान बांधा,” आत्या म्हणाली. कान बांधले. माझा भाऊ लहानपणी माझ्यासारखाच डोकं धरून बसायचा, मिसरूड फुटलं आणि त्याचं थांबलं, माझं सुरू झालं. डॉक्टर म्हणाल्या, वयात येईपर्यंत मुलगे-मुली यात साधारण सारखेच असतात, नंतर मात्र एका पुरुषामागे तीनेक बाया. आईचं बावन्नाव्या-त्रेपन्नाव्या वर्षी सुटलं. ती म्हणते देवीला बोलले होते. असू दे.

एक शेजारीण गेली काही वर्षं सांगते आहे, “पिशवी काढून टाक, सगळं एकदम संपेल.” तेही विचारलं. नुसती पिशवी काढून डोक्याचं काही होत नाही, आणि बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात जातं, त्याने मायग्रेन पुष्कळदा वाढतंच. मावशीचं तसंच झालं होतं, तेव्हा आम्ही ते ऑपरेशनच्या भुलीवर ढकललं होतं.

यानंतर जे घडलं त्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला बसले.

डॉक्टरांनी सहज विचारलं, घरात आणखी कुणाचं दुखतं का. मी म्हटलं, लेकीचं दुखतं कधीकधी, वीस वर्षांची आहे, टीवायला. पण तिचं वेगळं आहे, तिला आधी पिको दिसतं. डॉक्टरांना कळेना. मी सांगितलं: दिवाळीच्या आधीच्या गर्दीत ती मला हूक-काज करायला बसते. एकदा सुईत दोरा ओवताना म्हणाली, “आई, सुई दिसतेय, नेढं दिसत नाहीये.” मला वाटलं चष्मा लागला. मग तो न दिसणारा ठिपका मोठा झाला, त्याच्या कडेने चमचमणारी नागमोडी रेघ, साडीच्या काठाला पिको मारतात तशी दातेरी, आणि ती अर्धगोल होत होत बाहेर सरकली. वीस-पंचवीस मिनिटांनी नजर साफ झाली आणि डोकं दुखायला लागलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “ती कुठल्या गोळ्या घेते?”

घेत होती. पाळी अनियमित आणि चेहऱ्यावर पुटकुळ्या, म्हणून एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथे २१ गोळ्यांचं पाकीट लिहून दिलं. तीन आठवडे गोळी, एक आठवडा सुट्टी. आठ महिने चालू होतं. तिथे डोकं दुखतं का, दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही दिसतं का, असं एका शब्दाने विचारलं नव्हतं. आम्हीही सांगितलं नाही. पाळीच्या डॉक्टरला डोळ्यांपुढची रेघ कशाला सांगायची? पुन्हा तेच, एक वही स्वयंपाकघरात, एक दुकानात.

त्या दिसण्याला ऑरा म्हणतात. ऑरा असलेल्या मायग्रेनमध्ये मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन पक्षाघात होण्याची शक्यता मुळातच थोडी जास्त असते, आणि इस्ट्रोजेन असलेल्या मिश्र गोळ्यांनी (लेकीचं पाकीट त्यातलंच) ती आणखी वाढते. या वयात तसं क्वचितच होतं, हे त्यांनी माझा चेहरा बघून दोनदा सांगितलं. पण गर्भनिरोधकं कुणी वापरावीत आणि कुणी नाही या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ऑरा असणाऱ्या बाईसाठी, मग वय कुठलंही असो, या गोळ्या ‘वापरू नयेत’ याच रकान्यात आहेत. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन गेले. तिला तासभर बसावं लागलं नाही, मध्ये घेतलं. तिचं दुखणं बहुतेक वेळा त्या सुट्टीच्या आठवड्यात यायचं असं निघालं, कारण गोळी थांबली की तिथेही इस्ट्रोजेन उतरतंच. त्या गोळ्या बंद केल्या, आणि दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली, त्यांनी इस्ट्रोजेन नसलेला उपाय सुरू केला. रिक्षाने घरी येताना ती फोनमध्ये डोकं घालून बसली होती. मी तिचा हात धरून ठेवला, तिने काढून घेतला, मग परत ठेवला.

असो. आता माझ्या उपचाराचं, कारण त्याशिवाय तारे कसे द्यायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी पर्समधल्या गोळ्यांच्या स्ट्रिपा टेबलावर काढायला लावल्या आणि मोजल्या. कॅफीन घातलेली मिश्र गोळी मी महिन्यातले तेरा-चौदा दिवस खात होते. अशी गोळी महिन्यात दहा दिवस किंवा जास्त, तीन महिन्यांच्या वर घेतली की गोळीच डोकं दुखवायला लागते. साधं पॅरासिटॅमॉल असलं तर ही हद्द पंधरा दिवसांची. म्हणून माझ्या वहीत पाळीच्या खिडकीबाहेरही इकडेतिकडे ‘डो.’ पडले होते. गोळी बंद. पुढचे नऊ-दहा दिवस मी कसे काढले ते हाताखालच्या मुलीला विचारा, आणि ते नेमके दिवाळीच्या आधीचे, सत्तावीस ब्लाऊज द्यायचे होते. याचा इशारा त्यांनी दिला होता, पण ‘थोडा त्रास होईल’ या शब्दांत. थोडा! डॉक्टर लोकांचं ‘थोडं’ आणि शिंप्याचं ‘उद्या’ एकाच मापाचं. त्याचा अर्धा तारा मी कापला आहे.

मग नेप्रोक्सेन नावाचं वेदनाशामक सुरू झालं, पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत, दोन वेळा, पोटभर जेवून, बरोबर पित्ताची गोळी. पाळीत पोटात कळ आणणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची जी द्रव्यं असतात, तीच डोक्यालाही छळतात, त्यांना हे औषध आवरतं. आणि तरीही झटका आलाच तर सुरुवातीलाच ट्रिप्टानची, म्हणजे मायग्रेनचा झटका मोडायच्या औषधाची, एक गोळी. ती देण्याआधी रक्तदाब मोजला, छातीत कधी दुखलंय का विचारलं, कारण हृदयविकार असेल तर ती चालत नाही. (गोळ्यांची नावं लिहिली म्हणून परस्पर आणू नका. गौरींचं वर वाचलंत ना.) नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चार पाळ्या, तीन दिवसांचं दुखणं अर्ध्या दिवसावर आलं. फेब्रुवारीत लग्नसराई ऐन भरात असताना वहीत एकही ‘डो.’ नाही.

मार्चमध्ये सगळं बिनसलं. पाळी आलीच नाही, मग एकेचाळीस दिवसांनी आली, मग एकोणीस दिवसांनी. ‘पाळीच्या दोन दिवस आधी’ म्हणजे नेमकं कधी ते आता ब्रह्मदेवालाही सांगता येईना. मी वैतागून गेले, तुमचं औषध लागू पडत नाही म्हटलं. डॉक्टर शांत. पाळी जायच्या आधीची ही काही वर्षं सगळ्यात त्रासाची असतात, कारण इस्ट्रोजेन कधी उंच, कधी खोल, तारखा न पाळता. पूर्ण बंद झाल्यावर पुष्कळजणींचं शांत होतं, आईचं झालं तसं. तोपर्यंत खिडकी धरता येत नसेल तर रोजचा पहारा. म्हणून मूळच्या रक्तदाबाच्या गोळ्यांतली एक, लहान डोसची, रोज. मायग्रेनसाठी ती जुनीच आहे. कोपऱ्यावरचा औषधवाला, तोच, या वेळी मात्र चिठ्ठी वाचून म्हणाला, “काकू, बीपी कधीपासून?” गौरीच्या वेळी याने काही विचारलं नव्हतं.

अंगातून वाफा निघतात त्याचंही विचारलं. त्यावर हार्मोन द्यायची वेळ आली तर माझ्यासारखीला तोंडाने घ्यायच्या गोळीपेक्षा त्वचेवरून जाणारं बरं, म्हणजे पातळी दिवसभर सारखी राहते, वरखाली होत नाही. सध्या गरज नाही म्हणाल्या. मला तो विषय लांबणीवर पडलेला चालेल.

हिशोब: महिन्याला तेरा-चौदा दिवसांवरून तीन-चारवर आले आहे. पूर्ण गेलं का? नाही, आणि जाईल असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. वर्षभरात सहा भेटी, त्यातल्या चार वेळा तासापेक्षा जास्त बसवलं. फोन केला तर काउंटरवरून उत्तर मिळतं, डॉक्टरांकडून नाही. पार्किंग नाही. जाताना बरोबर दोन गोष्टी न्या, पाळीच्या तारखा आणि डोक्याच्या तारखा, मग त्या कालनिर्णयवर असोत की रेशनच्या पिशवीवर. आणि घरातल्या मुलीला एकदा विचारून जा, दुखायच्या आधी काही दिसतं का म्हणून.

मागच्या आठवड्यात सहावी भेट झाली. ट्यूबलाइट तशीच फडफडत होती. मी टेप बरोबर ठेवतेच, बसल्या बसल्या पश्चिमेच्या खिडकीचं माप घेतलं, साडेचार बाय चार. काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, जाड गडद कापड आणून द्या, अस्तर लावून पडदा शिवून देते, शिलाई घेणार नाही. ती म्हणाली, “मॅडमना विचारते.” पडदा लागला तर पाव तारा वाढवीन. टीव्ही बंद केला तर एक.